भुईआवळ्याचा अर्क आणि फॅटी लिव्हर : पीएचडीचा बांधापासून स्लाइडपर्यंतचा रस्ता

ऑगस्ट २०२५ मध्ये माझा व्हायवा, म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, झाला आणि तेव्हापासून आमच्या कॉलेजमधल्या, ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या मुलामुलींचे फोन येतायत की मॅडम औषधी वनस्पतीवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, परवानग्या कुठल्या लागतात, खर्च किती येतो. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढते. मी सातारा जिल्ह्यात एका फार्मसी कॉलेजात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी केली. विषय होता भुईआवळ्याच्या अर्काचा फॅटी लिव्हरवर आणि लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर होणारा परिणाम.

भुईआवळाच का, हा प्रश्न मला प्रत्येक कमिटीने विचारला. आपल्याकडे काविळीला भुईआवळा द्यायची पद्धत जुनीच आहे. पण मला ओढ लागली ती १९८८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका पेपरमुळे. मद्रासचे डॉ. त्यागराजन आणि त्यांच्या टीमने हिपॅटायटिस बीच्या कॅरियर लोकांना भुईआवळ्याच्या कॅप्सूल महिनाभर दिल्या, औषध घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातलं अँटिजेन, म्हणजे विषाणूची खूण, गेलं आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली कॅप्सूल, घेणाऱ्या २३ पैकी फक्त एकाचं. सहलेखकांत हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे नोबेलवाले ब्लूमबर्ग होते. खळबळ उडाली, आणि नंतर वेगवेगळ्या देशांत तेच करून बघितलं तर तसा रिझल्ट काही मिळेना. झाड वेगळं होतं का, हंगाम वेगळा होता का, का मुळात परिणामच तेवढा नव्हता, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत राहिले. म्हणून मी पहिल्यापासून ठरवलं होतं की आपलं झाड कुठलं, कधी काढलं, त्यात काय किती आहे हे इतकं स्पष्ट लिहायचं की उद्या कुणालाही तेच परत करता आलं पाहिजे. अर्कावर काम करणाऱ्याला माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

विद्यापीठाचा भाग पटकन सांगते कारण तो सगळीकडे थोडाफार सारखाच असतो. पेट ही प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, मग कमिटीसमोर सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा. २०२१ च्या सुरुवातीला माझं रजिस्ट्रेशन कन्फर्म झालं. टायटल फार विचार करून द्या कारण नंतर बदलायचं म्हणजे परत कमिटी, परत अर्ज, परत फी. माझ्या टायटलमध्ये नॉन अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज असं होतं आणि जून २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हर संघटनांनी मिळून त्याचं नाव बदलून एमएएसएलडी (मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टीॲटोटिक लिव्हर डिसीज) केलं. टायटल तसंच ठेवलं आणि प्रस्तावनेत एक परिच्छेद घातला, परीक्षकांना ते चाललं. तुमच्यापैकी कुणी आत्ता सिनॉप्सिस लिहीत असेल तर नवीनच नाव घाला.

आता झाड. भुईआवळा पावसाळ्यात कुठेही उगवतो, बांधावर, कुंडीत, फरशीच्या फटीत. पण भुईआवळा या नावाखाली लोक तीन-चार वेगळ्या जाती उपटून आणतात. मला फायलँथस अमारस हवा होता. त्याच्यासारखाच दिसणारा फ्रॅटर्नस असतो, फुलाला भिंगाखाली बघितलं तर अमारसला पाच पाकळ्यांसारखे भाग दिसतात आणि फ्रॅटर्नसला सहा. युरिनारियाचा देठ लालसर आणि फळं खरबरीत. हे एवढं का बघायचं तर फायलँथिन आणि हायपोफायलँथिन ही जी लिव्हरसाठी महत्त्वाची मानलेली द्रव्यं आहेत ती अमारसमध्ये भरपूर असतात आणि फ्रॅटर्नसमध्ये जवळपास सापडत नाहीत. बाजारातल्या चूर्णांत या जातींची मिसळ असते हे तपासण्यांत दिसलेलं आहे, त्यामुळे दुकानातनं चूर्ण आणून पीएचडी करू नका, कितीही वेळ वाचणार असला तरी.

ऑगस्ट २०२१ मध्ये ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधांवरनं आम्ही झाडं गोळा केली, फुलं-फळं असलेली, मुळासकट. शेतमालकाची लेखी संमती घेतली आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र देऊन पोच घेतली. वनजमिनीवरनं गोळा करणार असाल तर वनखात्याची परवानगी लागते आणि त्यात महिने जाऊ शकतात, म्हणून शक्य असेल तर खाजगी जमीनच बघा. ओळख पटवून घ्यायला पुण्याला कोरेगाव रोडवर बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागाच्या केंद्रात गेले. जाताना हर्बेरियम शीट नीट दाबून वाळवलेलं, त्यावर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि गाइडचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, एवढं बरोबर ठेवा. फी किती, कशी भरायची हे आधी फोन करून विचारा, ते बदलत असतं. सर्टिफिकेटवर जो व्हाउचर नंबर येतो तो पुढे प्रत्येक पेपरमध्ये, थिसिसमध्ये, इथिक्सच्या फॉर्ममध्ये लागतो. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवाच.

मग वाळवणं. साताऱ्याकडचा ऑगस्ट म्हणजे सांगायला नको, ऊन नाहीच आणि हवेत नुसता ओलावा. सावलीत पंख्याखाली पसरून ठेवलं तरी एका लॉटला बुरशी धरली आणि तो सगळा टाकून द्यावा लागला. यात हळहळ वाटण्यासारखं काही नाही कारण ओल्या मालावरच्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन तयार करतात आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ हा माणसात लिव्हर कॅन्सर करणारा सिद्ध झालेला पदार्थ आहे. लिव्हरच्या रक्षणासाठी अर्क काढायचा आणि त्यातच हे असायचं, हे कसं चालेल. हेच घरी पावसाळ्यात झाडपाला वाळवून डब्यात भरणाऱ्या प्रत्येकाला सांगते, वास कुबट आला की फेकून द्या. पुढच्या लॉटला मी ट्रे ड्रायर वापरला, ४० डिग्रीच्या आसपास. ताजं साधारण पाच किलो घेतलं की वाळून एक किलो हातात येतं.

अर्क काढायचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. पावडर चाळायची, आधी पेट्रोलियम ईथरने मेण-हरितद्रव्य काढून टाकायचं, मग सॉक्सलेटमध्ये पाणी आणि मेथॅनॉल निम्मं निम्मं घालून तासन्‌तास चालवायचं. नंतर रोटरी इव्हॅपोरेटरवर सॉल्व्हंट उडवायचं, वॉटर बाथ ५० च्या वर न्यायचा नाही. शेवटी जे उरतं ते चिकट, काळपट हिरवं, हवेतलं पाणी ओढून घेणारं असतं, त्यामुळे डेसिकेटरमध्ये ठेवायचं आणि वजन करताना हात चटकन चालवायचे. शंभर ग्रॅम पावडरीतनं मला दहा-बारा ग्रॅम अर्क मिळायचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागणार आहे. सगळा अर्क एकाच बॅचचा बनवून छोट्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला, म्हणजे पेशींवर आणि उंदरांवर वापरलेली वस्तू एकच राहिली.

अर्कात कुठलं द्रव्य किती आहे हे मोजणारी एचपीटीएलसी तपासणी आमच्याकडे होत नाही, बाहेरनं करून घेतली, सॅम्पलमागे दीड-दोन हजार रुपये आणि स्टँडर्ड फायलँथिनची चिमूटभर कुपी त्याहून कितीतरी महाग. पैसे गेले पण माझ्या अर्कात फायलँथिन किती टक्के आहे हे मला सांगता येऊ लागलं. जड धातूंची तपासणीही करा, शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ ही आयुषची मर्यादा आहे. रस्त्याकडेच्या झाडांत शिसं जास्त येऊ शकतं, म्हणून झाडं गोळा करतानाच हायवेपासून लांबची जागा निवडा.

२०२२ हे माझं पेशींचं वर्ष. हेपजीटू नावाची पेशींची ओळ घेतली. ही अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या एका मुलाच्या लिव्हरमधल्या गाठीपासून सत्तरच्या दशकात तयार झाली आणि अजून जगभरच्या लॅबमध्ये वाढतेय. त्या मुलाचा विचार माझ्या मनात बऱ्याचदा यायचा, रात्री फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवताना विशेष. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, तिथे देशाचं सेल रिपॉझिटरी आहे आणि शैक्षणिक संस्थांना पेशी तिथनं मिळतात. संस्थेच्या नावाने मागणी, प्रमुखांची सही, आगाऊ पैसे आणि पेशी दुसऱ्यांना देणार नाही असं लेखी. पेशी मागवायच्या आधी आपला मीडिया, सीरम, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सगळं तयार पाहिजे, कारण त्या आल्या की थांबत नाहीत. सीरम फार महाग पडतं, माझ्या एकूण खर्चात पेशींच्या खाण्यापिण्याचा वाटा मोठा होता. कल्चर रूम आमच्या कॉलेजात नव्हती, दुसऱ्या संस्थेत तासावर जागा घेऊन केलं, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये.

या पेशींवर मी दोन वेगळ्या गोष्टी बघितल्या आणि या दोन्हींची लोक फार गल्लत करतात म्हणून सविस्तर लिहिते. पहिली, पेशींना ओलिक ॲसिड देऊन त्यांच्यात चरबीचे थेंब साठवायचे म्हणजे ताटलीतलं फॅटी लिव्हर तयार होतं, मग अर्क दिला तर चरबी कमी साठते का हे ऑइल रेड ओ नावाच्या रंगाने बघायचं. इथे पेशी जिवंत राहायला हव्यात. दुसरी, अर्क वाढवत न्यायचा आणि किती प्रमाणाला निम्म्या पेशी मरतात ते एमटीटीने, म्हणजे जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात अशा पिवळ्या द्रव्याने, मोजायचं, म्हणजे आयसी-५०. एकाच अर्काचा कमी डोस वाचवतो आणि जास्त डोस मारतो, त्यामुळे चरबीच्या प्रयोगाआधी बिनविषारी डोस ठरवून घेणं भागच असतं.

एमटीटीबद्दल एक टिप, जी मला एका सीनियर मॅडमनी पहिल्याच आठवड्यात दिली आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही त्या पिवळ्या द्रव्याला जांभळं करतात. म्हणून प्रत्येक डोसला पेशी नसलेली, नुसत्या अर्काची वेल, म्हणजे ताटलीतला एक खळगा, ठेवायची आणि ते रीडिंग वजा करायचं. अर्क ज्यात विरघळवतो तो डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि निरोगी पेशींची एखादी ओळ सोबत घ्यायचीच, कारण जो अर्क सगळ्यांनाच सारखं मारतो त्याला कॅन्सरविरोधी म्हणण्यात अर्थ नाही.

माझा निकाल असा आला की चरबीचे थेंब दिसण्यासारखे कमी झाले, पण कॅन्सरच्या पेशी मारायला अर्क खूप जास्त लागला. कच्च्या अर्काचं आयसी-५० प्रति मिली ३० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पुढे जाण्यासारखं, असा अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा जुना निकष आहे, माझा अर्क त्यात बसला नाही. काही जण म्हणाले हा भाग थिसिसमधनं काढून टाक. गाइड सर ठाम राहिले की आहे तसं छापायचं, आणि तसंच छापलं.

याच सुमाराला गावात बातमी पसरली की मी कॅन्सरच्या औषधावर काम करतेय. एकदा रात्री साडेदहाला एका माणसाचा फोन, आईला लिव्हरचा कॅन्सर आहे, केमोला पैसे नाहीत, मॅडम तुमचा अर्क द्या, काय होईल ते होईल. मला बोलायलाच सुचेना. मी एवढंच सांगितलं की दादा, माझ्या ताटलीत पेशी मरायला जेवढा अर्क लागतो तेवढा रक्तात आणायचा तर माणसाच्या पाच लिटर रक्तात एका वेळी अर्धा ग्रॅमच्या पुढे अर्क न बदलता पोचला पाहिजे, पोटातनं घेतलेल्या वनस्पतीतली ही द्रव्यं फारच थोडी रक्तात जातात, आतडं आणि लिव्हर बरंचसं मोडून टाकतं. मग त्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल सांगितलं, जवळच्या अंगीकृत हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगितलं, केशरी-पिवळं रेशनकार्ड बरोबर न्यायला सांगितलं. तुम्ही या विषयात आलात तर असे फोन तुम्हालाही येणार, त्याची तयारी ठेवा आणि योजनेची माहिती हाताशी ठेवा.

वनस्पतीतनं कॅन्सरची औषधं आलेली आहेत हे खरंच आहे. सदाफुलीतनं विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन आलं, आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन सापडतं आणि त्याच कॅम्पटोथेसिनवरनं इरिनोटेकान, टोपोटेकान ही औषधं बनली. पण विनक्रिस्टिन मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतनं देतात आणि सदाफुलीची पानं चावून तो डोस मिळत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते. आणि नरक्याचं सांगायचं तर मागणीपोटी त्याची इतकी चोरटी तोड झाली की कोकणातल्या आणि घाटावरच्या जंगलात तो शोधायची वेळ आली. आपण वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी पेपर लिहिताना हेही मनात ठेवायला हवं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा टप्पा, प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी. कॉलेजच्या इन्स्टिट्यूशनल ॲनिमल एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी भरायचा असतो. कमिटीत प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए समितीने नेमलेले प्रतिनिधी असतात, म्हणजे ज्याला आधी सीपीसीएसईए म्हणायचे तेच. त्यांच्या तारखा जुळल्याशिवाय मीटिंग होत नाही आणि वर्षात मीटिंगा मोजक्याच होतात. मी डिसेंबर २०२२ मध्ये फॉर्म दिला, मीटिंग फेब्रुवारीत झाली, शंका काढल्या, उत्तरं दिली आणि मंजुरीचं पत्र मे २०२३ मध्ये आलं. म्हणून सांगते, पेशींचं काम चालू असतानाच फॉर्म तयार करायला घ्या.

शंका अशा होत्या. एवढेच प्राणी का, कमी का नाहीत. त्याला सँपल साइजचं गणित जोडावं लागतं, नुसतं सगळे सहा घेतात म्हणून सहा हे उत्तर चालत नाही. प्राण्यांशिवाय होणार नाही का. तर फॅटी लिव्हर हा एकट्या लिव्हरचा आजार नाही, त्यात इन्शुलिन, पोटावरची चरबी, आतडं सगळं येतं, हे ताटलीत दाखवता येत नाही, असं लिहिलं आणि पेशींचे निकाल जोडले. वेदना कशा कमी करणार, शेवट कसा करणार, मृत प्राण्यांची विल्हेवाट कोण लावणार, त्या बायोमेडिकल वेस्टच्या कराराची प्रत. हा शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. कॉलेजच्या ऑफिसमधनं आधीच काढून ठेवा.

उंदीर विस्टार जातीचे, नोंदणी असलेल्या ब्रीडरकडनं, एकाला साडेसहाशेच्या आसपास पडले, वाहतूक वेगळी. आल्यावर आठवडाभर त्यांना नुसतं रुळू द्यायचं असतं. चरबीयुक्त आहार परदेशी तयार मिळतो पण तो परवडण्यासारखा नाही. मुंबईतल्या संशोधकांनी वनस्पती तूप आणि खोबरेल तेल तीनास एक घेऊन उंदरांना द्यायची पद्धत छापलेली आहे, तिचा आधार घेऊन आम्ही आहार बसवला. एका गटाला साधा आहार, एका गटाला नुसती चरबी, एका गटाला चरबी आणि तुलनेसाठी सिलिमॅरिन हे लिव्हरचं माहितीतलं औषध, आणि दोन गटांना चरबी आणि अर्काचे दोन डोस, २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रति किलो. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत हे चाललं. ॲनिमल हाउसचे मामा नसते तर माझं काही खरं नव्हतं. पाऊस असो, गणपती असो, सकाळी सात वाजता पाणी, भुसा, तापमानाची नोंद झालेली असायची. थिसिसच्या आभारात त्यांचं नाव पूर्ण लिहिलंय.

शेवटच्या दिवसाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. इतके महिने रोज हातात घेऊन वजन केलेले जीव असतात, त्यातले काही तर पिंजरा उघडला की स्वतःहून पुढे यायचे. मंजूर पद्धतीनेच, भूल देऊनच सगळं केलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या बरोबरच्या एका मुलीने त्यानंतर प्राण्यांवर काम करायचं नाही असं ठरवलं आणि मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं. विषय घ्यायच्या आधी स्वतःला विचारून बघा की हे तुम्हाला झेपणार आहे का. झेपणार नसेल तर नुसत्या पेशींवर, रसायनशास्त्रावर, औषधाच्या दर्जावर सुंदर पीएचडी होतात.

लिव्हर काढल्यावर फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. साध्या आहारावरचं गडद तांबूस, चरबीवरचं पिवळट, फुगीर, कापताना सुरीला तेलकटपणा लागणारं. इथे एक व्यावहारिक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लिव्हरचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकाल, त्याचे पॅराफिन ब्लॉक होताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते आणि स्लाइडवर तिच्या जागी फक्त रिकामी भोकं दिसतात. चरबी रंगवून दाखवायची असेल तर दुसरा तुकडा लगेच गोठवून फ्रोझन सेक्शन करावं लागतं. त्यासाठी क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवलेला तुकडा कापायचं यंत्र, असलेल्या लॅबशी आधी बोलून ठेवा, त्याच दिवशी धावपळ करून होत नाही. स्लाइड मला प्रत्येकी अडीचशे रुपयांना पडली. पॅथॉलॉजिस्टना कुठली स्लाइड कुठल्या गटाची हे सांगितलं नव्हतं, नुसते नंबर. चरबी, सूज आणि पेशींचं फुगणं यांना गुण द्यायची जी एनएएस पद्धत आहे तीच वापरली.

निकाल जानेवारी २०२४ मध्ये हातात आले. जास्त डोसच्या गटात एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), ट्रायग्लिसराइड आणि स्लाइडवरची चरबी तिन्ही कमी, कमी डोसला अगदीच थोडा फरक, आणि सिलिमॅरिन दोन्हींपेक्षा पुढे. मला समाधान वाटलं.

घरी मात्र लगेच प्रश्न, मग आम्ही घेऊ का. आमच्या आत्याला सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर निघालेलं, तिने तर अंगणातला भुईआवळा उपटूनही ठेवला होता. तिला मी कागदावर हिशोब करून दाखवला. उंदराचा डोस माणसाला लावताना ६.२ ने भागतात, म्हणजे ४०० चे साधारण ६५ मिलिग्रॅम प्रति किलो झाले. तुझं वजन ६० किलो, म्हणजे रोज चार ग्रॅमच्या आसपास अर्क. त्यासाठी साधारण ३५ ग्रॅम वाळलेली पावडर, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम ताजं झाड, रोज, आणि तेही मेथॅनॉलमध्ये काढलेलं जे प्यायचं नसतंच. काढ्यात तेच उतरेल असं नाही, फायलँथिन पाण्यात फारसं विरघळत नाही. आणि हे सगळं उंदरांत, काही महिने, माणसांत नाही. शिवाय वनस्पती आहे म्हणजे लिव्हरला निर्धोक असं नसतं, कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेले आहेत, ग्रीन टीच्या गोळ्यांनीही असं झालेलं आहे.

आत्या म्हणाली, मग एवढी वर्षं तू केलंस काय. तिला सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलंय ते कर, वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरमधली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात हे माणसांत दाखवून झालेलं आहे. तिने सकाळचं चालणं सुरू केलं, साखरेचा चहा सोडला, भाकरी-भाजीचं प्रमाण बदललं, लिव्हर किती कडक झालंय हे बघणारा फायब्रोस्कॅन करून घेतला, तो सुदैवाने चांगला आला. चालू औषधांबरोबर एखादी वनौषधी घ्यायचीच असेल तर आपल्या डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही सांगून घ्या, आणि दोन महिन्यांनी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करा.

पुढचं पटकन. पेपर पाठवताना पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्यांना उत्तरही देऊ नका. माझा पेपर दोन ठिकाणांहून परत आला, तिसरीकडे सात महिन्यांनी स्वीकारला गेला आणि रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांनी तो खरंच सुधारला. साहित्यचोरीची तपासणी दहा टक्क्यांच्या आत लागते, मटेरियल्स अँड मेथड्समध्ये सगळ्यांची वाक्यं सारखी होतात तिथे ती वाढते, म्हणून तो भाग लॅबच्या वहीवरनं स्वतःच्या शब्दांत लिहा. थिसिस फेब्रुवारी २०२५ मध्ये जमा केला, परीक्षकांचे अहवाल यायला उन्हाळा गेला. सगळं धरून खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेला, त्यातले काही कॉलेजने दिले, बाकी माझे. स्कॉलरशिप मिळण्यासारखी असेल तर सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या जाहिराती रजिस्ट्रेशनच्या वर्षीच बघा.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पेटंटचं विचारलं. परंपरेने माहीत असलेल्या वापराचं पेटंट आपल्या कायद्यात कलम ३(पी) मुळे मिळत नाही, आणि हळदीचं अमेरिकेतलं पेटंट डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं ते याच तत्त्वावर, असं उत्तर दिलं. मग त्यांनी हर्बेरियम शीट बघायला मागितलं, व्हाउचर नंबर थिसिसमधल्या नंबरशी ताडून बघितला आणि सही केली.

उरलेला अर्क फ्रीझरमध्ये बॅच नंबर, तारीख, फायलँथिनची टक्केवारी लिहून ठेवलाय. एम.फार्मची एक विद्यार्थिनी त्यातला पाण्यात विरघळणारा भाग वेगळा काढून बघणार आहे, तिच्या फॉर्म बीचा पहिला मसुदा कालच वाचून दिला. वेस्टच्या कराराची प्रत तिने जोडली होती.